थोरल्या जाऊबाईंची बरणी

माझ्या थोरल्या जाऊबाई सूत रंगवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे निळ्या हौदावर काम करीत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि कोणत्याही साबणाने ते पांढरे होत नसत. कारखान्यात त्यांना सर्वजण ‘निळी’ म्हणत. या निळीने पाच वर्षे खोकल्याचे औषध व्यसन म्हणून घेतले, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते. घरातले घरात ठेवावे, असे आमच्या नात्यातील पुष्कळांचे म्हणणे आहे. परंतु ताकाला जाऊन भांडे लपवण्याची सवय मला नाही आणि जाऊबाईंनाही नव्हती. त्यांनीच मला सांगितले, “वर्गात जाऊन लिहायला शिकलीस ना, मग हे लिही. आणि गोड करून लिहू नकोस. गोड मी पुष्कळ प्यायले.”

रंगशाळेतील हौद उकळते असतात. त्यांची वाफ घशाला लागते, म्हणून तेथे खोकला नाही असा माणूस सापडत नाही. प्रत्येकाच्या खुंटीला डब्याच्या पिशवीशेजारी औषधाची एक बाटली टांगलेली असे. ते औषध दुकानात कोणी काही न विचारता देत. जाऊबाई आरंभी एक चमचा घेत. एका चमच्याने खोकला थांबे आणि दिवसभर उभे राहून दुखलेली कंबरही गप्प होई. पुढे एक चमचा पुरेना. मग दोन घेतले, मग झाकणभर, मग अर्धी बाटली. पाचव्या वर्षी त्या दिवसाला दोन बाटल्या पीत होत्या आणि खोकला तर केव्हाच गेलेला होता.

त्या दोन बाटल्यांनी त्यांना काही मजा येत असेल, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या घरी येऊन पाहायला हवे होते. दोन बाटल्या घेतल्या म्हणजे त्या फक्त इतर माणसांसारख्या होत. सकाळची बाटली चुकली की जांभयांवर जांभया येत, नाक गळे, अंगावर काटा उभा राही, पोटात पीळ पडे. शरीर औषधाच्या सर्व गोष्टींना सरावले होते, एका गोष्टीला मात्र नाही. त्यांचे पोट कधीच साफ होत नसे. त्या म्हणत, “सगळं अंगवळणी पडलं गं, हे एकच मेलं पडेना.”

आमच्या दोन्ही घरांची चूल एकच होती. माझे दीर वारले तेव्हापासून जाऊबाई, त्यांचा मुलगा, मी आणि माझे यजमान असे चौघे राहत होतो. मुलगा बस चालवतो. तो शांत आहे, परंतु शांत माणसाचा धीर सुटला म्हणजे तो कोणाचे ऐकत नाही. त्याचा धीर बॉयलरवाल्यामुळे सुटला.

बॉयलरवाला म्हणजे रंगशाळेला वाफ पुरवणारा धिप्पाड गृहस्थ. जाऊबाईंच्या शेजारची खुंटी त्याची होती. तो दिवसाला तीन बाटल्या घेई. त्याच्या घरच्यांनी त्याला गावाबाहेरच्या एका संस्थेत ठेवले. तेथे खिडक्यांना गज होते, दाराला बाहेरून कुलूप होते आणि औषध पहिल्याच दिवशी बंद करीत. चाळीस दिवस त्याने लादीवर तळमळत काढले. एकेचाळिसाव्या दिवशी संस्थेने त्याच्या गळ्यात हार घालून ‘शुद्ध झाला’ असे सांगितले व घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, सर्वांशी हसून बोलला आणि दुपारी खुंटीवरची जुनी बाटली त्याच्या हाताला लागली. मग पाठोपाठ दुकानातून आणलेल्या आणखी दोन. त्याचे नेहमीचेच माप होते ते. कोळशाच्या ढिगाला टेकून तो झोपला, त्याचा श्वास मंद होत गेला आणि थांबला. तो झोपला आहे असे समजून जाऊबाई त्याच्या अंगावर गोणपाट घालून आल्या होत्या.

या एका मरणावरून घरात दोन निर्णय झाले. मुलगा म्हणाला, “चाळीस दिवस कमी पडले. आईला सहा महिने ठेवायचं.” जाऊबाई म्हणाल्या, “तीन बाटल्या रोज पिऊन तो पाच वर्षं मेला नाही, आणि सोडून आल्यावर त्याच तीन बाटल्यांनी मेला. हे कसं, ते मला आधी कळलं पाहिजे. कळल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.”

“कळून काय करणार आहेस?” मुलगा म्हणाला. “व्यसनी माणसाला कळून उपयोग असतो का?”

“व्यसनी मी आहे, बहिरी नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सरकारी इस्पितळात गेल्या. तेथील डॉक्टरीणबाई वयाने आम्हाला मुलीसारख्या होत्या. जाऊबाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितले, “दिवसाला दोन बाटल्या घेते. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या, म्हणजे पुढचं बोलता येईल.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, “मावशी, काम काय करता?” मग रंगशाळेत रंग तोलायचा काटा असतो का, ते विचारले, आणि त्या काट्यावरच सर्व समजावून दिले. ते मला समजले तसे लिहिते.

त्या औषधात कोडीन नावाचा पदार्थ असतो आणि तो अफूच्या कुळातील आहे. यकृतात गेल्यावर त्याच्या काही भागाचे मॉर्फीन होते. मेंदूत वेदना, खोकला आणि श्वास यांची ठिकाणे असतात, तेथे जाऊन ते बसते आणि त्यांना मंद करते. काट्याच्या एका पारड्यात आपण औषध टाकले असे समजावे. शरीराला काटा समतोल हवा असतो, म्हणून ते दुसऱ्या पारड्यात स्वतःचे वजन टाकू लागते. त्यामुळे एक चमचा पुरेनासा होतो. आपण आणखी औषध टाकतो, शरीर आणखी वजन टाकते. मग एके दिवशी कोणी औषधाचे पारडे एकदम रिकामे करतो. शरीराचे वजन एकटेच राहते आणि काटा दाणकन उलट्या बाजूला पडतो. जांभया, अंगावरचा शहारा, पोटातला पीळ, ते सर्व हेच. हळूहळू शरीर आपले वजन उचलून घेते. चाळीस दिवसांत बॉयलरवाल्याच्या शरीराने ते पुष्कळसे उचलले होते. त्यानंतर त्याने तीन बाटल्या टाकल्या, तेव्हा दुसऱ्या पारड्यात त्यांना तोलून धरायला काही उरले नव्हते.

जाऊबाई म्हणाल्या, “म्हणजे त्याचं अंग विसरलं होतं आणि हात विसरला नव्हता.”

“बरोबर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि हे त्याला त्या कुलूपवाल्यांनी सांगितलं नाही?”

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद ओढून त्यावर जाऊबाईंचे माप लिहून घेतले. जाऊबाई म्हणाल्या, “मग मी कुलपात जाणार नाही. मला उतरता रंग करायचा आहे.”

उतरता रंग ही रंगशाळेची जुनी रीत आहे. हौदात रंग घालून प्रथम सर्वांत गडद सूत काढतात. मग नवीन रंग न घालता त्याच पाण्यात दुसऱ्या लड्या बुडवतात, त्या थोड्या फिक्या निघतात. त्यानंतर तिसऱ्या, त्यानंतर चौथ्या. अखेरीस हौदातील पाणी जवळजवळ कोरे होते. प्रत्येक खेपेचा बोटभर धागा नमुन्याच्या फळीवर बांधून ठेवतात. या कामात जाऊबाईंचा हात कोणी धरू शकत नसे.

डॉक्टरीणबाईंनी प्रथम इस्पितळात राहण्याचा आणि दुसऱ्या गोळीचा मार्ग सांगून पाहिला. तोही चांगला आहे आणि पुष्कळांना तोच लागतो, असे त्या म्हणाल्या. जाऊबाई ऐकेनात, तेव्हा त्यांनी अटी घातल्या. औषध फक्त इस्पितळाच्या खिडकीवरून आणि फक्त सोमवारी मिळेल. दर सोमवारी स्वतः येऊन दाखवायचे. हे आपल्या मनाने कोणी करायचे नाही, आणि कोणाला शिकवायचेही नाही.

अशा रीतीने आमच्या फडताळात चिनी मातीची पांढरी बरणी आली. आठवड्याच्या चौदा बाटल्या तीत ओतायच्या आणि रोज दोन बाटल्यांचे माप काढून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात तेरा बाटल्या औषध आणि एक बाटली साखरेचा पाक. दुसऱ्या आठवड्यात बारा आणि दोन. माप तेवढेच, बळ कमी. बरणी झाकून ठेवायची नाही, चहाच्या डब्याशेजारी उघड ठेवायची, असे जाऊबाईंनी ठरवले. फडताळाच्या दारावर त्यांनी एक लाकडी पट्टी ठोकली. दर सोमवारी औषध जेवढे फिके होई, तेवढ्याच फिक्या निळ्याचा एक धागा त्या पट्टीवर बांधीत.

मुलाने हे मान्य केले, पण अट घालून. “एक दिवस जरी तू अंथरुणाला खिळलीस, तर मी संस्थेची गाडी बोलावीन. मग काकूने मध्ये पडायचं नाही.”

“बोलव,” जाऊबाई म्हणाल्या. “पण मी उभी असेन तर ती रिकामी परत जाईल.”

आठ आठवडे सर्व ठीक चालले. त्रास नव्हता असे मी म्हणणार नाही. दर सोमवार-मंगळवारी त्यांचे नाक गळे, झोप उडे, त्या सगळ्यांच्या अंगावर ओरडत. माझे यजमान म्हणत, “वहिनींना बाटली द्या नाहीतर मला द्या, दोघांपैकी एकाला शुद्ध नको.” परंतु त्या रोज कामावर गेल्या. पट्टीवर आठ धागे झाले. कारखान्यातील बायका टोमणे मारीत, “निळी, आता आकाशी झालीस गं.” त्या उत्तर देत, “तुझ्या खुंटीवरची बाटली तुला काळी करील, तेव्हा आकाशी कुठे मिळते ते विचारायला ये.”

नववा आठवडा मी बिघडवला. त्या आठवड्यात जाऊबाईंचा उजवा तळहात वाफेने भाजला आणि हाताला पट्टी बांधली गेली. सोमवारी बरणी भरण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. पाच बाटल्या औषध, नऊ बाटल्या पाक. मी मोजण्यात चूक केली नाही. मी पाक दाट केला होता. तो निवल्यावर प्रथम बरणीत ओतला आणि त्यावर औषध ओतले. जाऊबाई रोज सकाळी बरणी लाकडी दांड्याने तळापासून ढवळीत असत, ते मी पाहिले होते. ती त्यांची हौदावरची सवय असावी, असे मला वाटले. साखरेत साखर मिसळायला ढवळायचे कशाला, असा विचार करून मी पळीने वरवरचे माप काढून देत राहिले.

मंगळवारी आणि बुधवारी जाऊबाई फार खुशीत होत्या. जेवताना त्यांना डुलकी लागे, डोळ्यांतील बाहुल्या मोहरीएवढ्या दिसत. मला वाटले, बरे चालले आहे. मूर्खाला आनंद लवकर होतो. शुक्रवारपासून जांभया सुरू झाल्या. शनिवारी सकाळी त्या थरथरत होत्या, त्यांना ओकाऱ्या होत होत्या, आणि अंगावरचा काटा निळ्या हातांवरही दिसत होता. त्या अंथरुणावर बसून राहिल्या. मुलाने ते पाहिले आणि तो बाहेर गेला.

दहा वाजता संस्थेची गाडी दारात उभी राहिली. गाडीतून एक गृहस्थ आणि दोन दांडगे मदतनीस उतरले. गृहस्थांच्या हातात छापील कागद होता.

“आई,” मुलगा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “मला माफ कर. मी सही केली आहे.”

जाऊबाई उठल्या. भिंतीला धरून उठल्या, पण उठल्या. “दाखवा कागद,” त्या म्हणाल्या. “धाकटे, वाच.”

मी वाचले. माझी गती बेताची आहे. त्या गृहस्थांनी दोनदा घड्याळ पाहिले, तरीही मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

“यात माझा अंगठा कुठे आहे?” जाऊबाईंनी विचारले.

“मुलाची सही पुरते, बाई,” ते गृहस्थ म्हणाले. “अशा अवस्थेत माणसाला स्वतःचं भलं कळत नसतं.”

“बॉयलरवाल्याचं भलं तुम्हाला कळलं होतं. हारही घातला होतात. तो हार अजून त्याच्या फोटोला आहे, जाऊन बघा. जुनं माप घेऊ नको, एवढं एक वाक्य त्याला सांगायला तुमची जीभ झिजली असती का?”

ते गृहस्थ मुलाकडे पाहू लागले. जाऊबाई फडताळाकडे वळल्या. “मला नवव्या आठवड्यात असं व्हायला नको,” त्या जणू हौदाशी बोलत असाव्यात तशा म्हणाल्या. “सहाव्यात झालं नाही, सातव्यात झालं नाही.” त्यांनी डाव्या हाताने बरणीतील पळीभर औषध काचेच्या पेल्यात घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. त्यांचा हात इतका हलत होता की पेला खिडकीच्या गजावर किणकिणत होता. तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही. औषधाचा रंग तांबडा असतो. पेल्यातील रंग धुवट पाण्यासारखा होता.

“हा नववा आठवडा नाही,” त्या म्हणाल्या. “हा चौदावा आहे. धाकटे, ढवळलं नाहीस?”

मी खरे ते सांगितले. प्रथम पाक, वर औषध, आणि ढवळणे नाही. वरचे सर्व बळ पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या पोटात गेले होते आणि आता तळाची साखर उरली होती.

“एकतीस वर्षं माझ्या घरात राहून हौद ढवळायचा असतो हे तुला कळलं नाही!” त्या ओरडल्या. मग पोट दाबून खाली वाकल्या, आणि वाकलेल्या अवस्थेतच हसू लागल्या. “अरे, मी पडले नाही रे. मला पाडलं हिच्या पाकाने.”

मुलाने पेला हातात घेतला. पट्टीवरचे धागे त्याने प्रथमच जवळून पाहिले. गडद निळ्यापासून एकेक धाग्यावर बोट ठेवत तो नवव्यापर्यंत आला. एकही धागा शेजारच्यापेक्षा गडद नव्हता.

“कागद परत द्या,” तो त्या गृहस्थांना म्हणाला.

“एकदा सही झाली म्हणजे—”

“परत द्या म्हणतोय ना.”

जाऊबाईंनी कपाटातून स्वच्छ रुमाल काढून तोंड पुसले. “गाडी आलीच आहे तर रिकामी कशाला पाठवायची?” त्या म्हणाल्या. “इस्पितळाच्या दारात सोडा मला. शनिवारी दुपारपर्यंत डॉक्टरीणबाई असतात.” आणि त्या खरोखरच गाडीत पुढच्या आसनावर जाऊन बसल्या. दोन्ही दांडग्यांना मागे बसावे लागले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी प्रथम माझी कानउघाडणी केली. “पहिल्या तीन दिवसांत यांना जास्त डोस गेला आहे. अंगाने निम्म्याहून जास्त सोडलेलं असताना तो जिवावर बेतू शकला असता.” मी ती बोलणी उभी राहून ऐकून घेतली, कारण ती माझीच होती. मग त्यांनी जाऊबाईंना विचारले, “आता थोडं जास्त देऊ का? दोन दिवस बरं वाटेल.”

“नाही. नवव्याचं माप द्या. आठव्यावरसुद्धा जाणार नाही. उतरत्या रंगात परत रंग घालत नाहीत.”

पुढचे आठवडे मागच्यांपेक्षा कठीण गेले. याचेही कारण जाऊबाईंना डॉक्टरांच्या आधी समजले होते. गडद रंगात एक माप कमी झाले तर डोळ्याला कळत नाही, फिक्या रंगात एक चमचा कमी झाला तरी लगेच कळतो. तेरावरून बारावर येणे आणि दोनवरून एकावर येणे, दोन्हींत एकच बाटली कमी होते, परंतु दुसऱ्या वेळी निम्मे बळ जाते. म्हणून शेवटच्या दोन पायऱ्यांचे डॉक्टरीणबाईंनी चार भाग केले. पट्टीवर चौदा धागे व्हायचे ते सोळा झाले. सोळावा धागा कोरा होता. तो बांधायला मुलाने खुर्चीवर चढून हात दिला. बरणी मी घासून उन्हात ठेवली. आता तिच्यात मीठ असते.

जाऊबाई पूर्ण सुखी झाल्या, असे मी लिहिणार नाही. कंबर पुन्हा दुखू लागली आणि तिच्यासाठी त्या आता व्यायाम करतात व शिव्या देतात. कोणी त्यांना ‘सुटलीस हो’ म्हणाले, तर त्या म्हणतात, “मी सुटले नाही, मी उतरले. ढकललं असतं तर हाडं मोडली असती.”

त्याच महिन्यात बांधणी विभागातील एक बाई त्या संस्थेतून दोन महिन्यांनी परत येणार असल्याचे कळले. तिची बाटली खुंटीवर तशीच लटकत होती. जाऊबाई मला खडू देऊन रंगशाळेत घेऊन गेल्या आणि खुंट्यांच्या वरच्या भिंतीवर लिहायला लावले : ‘सोडून आला असाल तर अंग विसरलेले असते. जुने माप घेऊ नका. जीव जातो.’ मुकादमाने ते संध्याकाळी पुसले. कारखान्याची बदनामी होते, असे तो म्हणाला. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले आणि त्याने पुन्हा पुसले.

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी हौदातून पक्का निळा रंग वाटीत काढला आणि खडूऐवजी माझ्या हातात कुंचला दिला. “अक्षर मोठं काढ,” त्या म्हणाल्या. “आणि घाई करू नकोस, मी दारात उभी आहे.” मुकादमाने त्यावर चुन्याचा हात दिला. चुना वाळला आणि अक्षरे खालून वर आली. त्याने दुसरा हात दिला, तरी ती आली, थोडी फिकी होऊन. बांधणीतील बाई सोमवारी कामावर आली. खुंटीसमोर उभी राहून तिने ती ओळ कोणाकडून तरी वाचून घेतली. मग तिने बाटली खुंटीवरून काढली आणि जाऊबाईंच्या हातात आणून दिली.